एकोणऐंशी डोळे

गोंदर शहरात लोखंडी फाटके रंगवणारी बाई एकच होती, आणि तिचे नाव तिरिंगो. वय छप्पन्न, उंची बेताची, शिडी मात्र नऊ पायऱ्यांची. पत्र्याच्या फाटकावर ती चौकटीत चौकट काढी, एका क्रूसातून दुसरा क्रूस फुलवी, आठ टोकांच्या ताऱ्याला हिरव्या जाळीत बसवी. आणि हे सारे असे, की भूमितीच्या शिक्षकानेही पट्टी लावून पाहावे व निमूटपणे पट्टी खिशात ठेवावी. रेघ सरळ आहे की नाही हे ती दोरा ताणून पाही. दोऱ्याच्या टोकाला नाक लावायचे, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने रेघेचा अंत गाठायचा. तीस वर्षांच्या या सवयीमुळे तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात उजव्याच्या दुप्पट सुरकुत्या पडल्या होत्या.

ही विद्या तिला वडिलांकडून मिळाली. ते देऊळगायक होते आणि फावल्या वेळात आजाऱ्यांसाठी ताईत लिहीत. ताईत म्हणजे चामड्याची अरुंद पट्टी. रोग्याच्या टाळूपासून टाचेपर्यंत मापून घेतलेली, म्हणजे एकही बोट उघडे राहायला नको. त्यावर ते जाळ्या काढीत आणि जाळ्यांत डोळे. लहानग्या तिरिंगोने डोळ्यांत काळा रंग भरायचा. वडिलांनी तिच्याकडून एकच नियम घोकवून घेतला होता : "भल्या माणसाला दोन डोळे, दुष्टाला एक. सैतान काढायचा तर बाजूनं काढावा. त्याच्या दुसऱ्या डोळ्याला जागाच देऊ नये." हा नियम गोंदरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. देवळाच्या भिंतीवर कोण संत आणि कोण चोर हे तिथे डोळे मोजूनच ठरते.

तिरिंगोच्या मनात एकच सल होता. फाटक दुसऱ्याचे असते. मालक बदलला, मुलीचे लग्न ठरले, की नवा रंग हवा. आणि जुना रंग खरवडायलाही तिलाच बोलावीत. आपलेच काम आपल्याच हाताने खरवडण्यात तिची तीस वर्षे गेली होती. शहरात तिची म्हणून राहिलेली वीतभर जागाही नव्हती.

म्हणून गल्लीच्या इदिरने नवी खोली बांधली, तेव्हा तिरिंगो न बोलावता सभेत जाऊन उभी राहिली. इदिर म्हणजे चाळीस घरांची मंडळी. कुणाकडे मयत झाली की तंबू, खुर्च्या आणि मोठी पातेली घेऊन धावणारी. खोलीची समोरची भिंत कोरी होती.

"मला भिंत द्या," ती म्हणाली. "मजुरी नको, रंग माझा. एकच अट. नंतर पुसायचं नाही."

इदिरचे अध्यक्ष लिसानेवर्क हे न्यायालयातले निवृत्त कारकून. ताटे, खुर्च्या, तंबूच्या खुंट्या, सारे ते दर महिन्याला मोजीत, आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजीत. त्यांच्या मनात भिंतीवर घोड्यावरचा संत गिओर्गिस होता, खाली अध्यक्षांच्या नावासह.

"काय काढणार?" त्यांनी विचारले.

"आपल्याला सगळ्यांना."

"म्हणजे माणसं?"

"माणसं म्हणजे... माणसं नाहीत. आपण."

लिसानेवर्क यांनी चष्मा काढला, पुसला आणि ठराव सांगितला. चित्र पूर्ण झाल्यावर, मस्केल या क्रूसाच्या सणाची होळी पेटण्याच्या आदल्या सकाळी सभा भरेल. एकाही घराची हरकत आली, तर भिंतीला चुना. मंजूर.

पावसाळा संपत आला होता. तिरिंगो रोज पहाटे शिडी घेऊन जाई आणि अंधारून आले की परत येई. पागुमे या पाच दिवसांच्या तेराव्या महिन्याच्या अखेरच्या संध्याकाळी तिने दाराजवळचा शेवटचा कोपरा भरला. दुसऱ्या दिवशी नवे वर्ष. गल्ली पांढरे कपडे घालून, हातात पिवळी फुले घेऊन आत शिरली आणि दारातच दाटून उभी राहिली.

भिंतीवर घोडा नव्हता, संत नव्हता, सिंहसुद्धा नव्हता. लाल, हिरव्या, पिवळ्या चौकटी एकमेकींत शिरल्या होत्या. क्रूसांच्या वेली छतापर्यंत चढल्या होत्या. तारे जाळ्यांत अडकले होते. आणि सर्वत्र डोळे. ते जोडीनेही नव्हते. एक तांबड्या चौकटीत, तर त्याचा जोडीदार चार हात दूर पिवळ्या जाळीत. रंगांना असा काही वेग होता, की पाहणाऱ्याचे डोके गरगरावे आणि तरी मान वळू नये.

"अगं बाई," घरी बिअर गाळून विकणारी मामिते म्हणाली, "मी अजून एक घोटही घेतला नाही, आणि भिंत नाचतेय!"

लोक हसले. मुलांनी भिंतीसमोर फेर धरला. चित्र गल्लीला आवडले, असे तिरिंगोला क्षणभर वाटले. तेवढ्यात लिसानेवर्क यांनी काठी उचलून डोळे मोजायला सुरुवात केली. त्यांनी तीनदा मोजले. मग घसा खाकरला.

"घरं चाळीस. घरामागे दोन, म्हणजे ऐंशी डोळे हवेत. भिंतीवर आहेत एकोणऐंशी."

मुलांचा फेर थांबला. आपल्यापैकी कोणीतरी एकडोळ्या आहे, हे एकेकाच्या ध्यानात आले.

"इतिये तिरिंगो," पिठाच्या गिरणीचा मालक फंताहुन थोरल्या बहिणीला बोलावे तसा लाडीगोडीने म्हणाला, "तो एक... कोण गं?"

तिरिंगो गोंधळली. तिने ऐंशीच काढले होते. निदान तिचा तसा समज होता. पण फंताहुनची बायको अलगानेश तिच्या आधीच उत्तरली : "विचारतोस कशाला? तराजूवर अंगठा कोण ठेवतं, देवदूत मिकाएलला ठाऊक आहे!"

त्या दिवसापासून गल्ली बदलली, आणि ती इतकी बदलली की जुन्या लोकांना रस्ता चुकल्यासारखे वाटू लागले. फंताहुन तेफ धान्याचे पीठ मोजताना दोन्ही हात वर धरू लागला, आणि वर मूठभर पीठ फुकट घालू लागला. मामितेने बिअरमध्ये पाणी घालणे सोडले. परिणामी दिवसाच्या नवव्या तासाला, म्हणजे ऐन दुपारीच, गल्लीतले प्रतिष्ठित पुरुष एकमेकांच्या गळ्यात पडून झोपलेले आढळू लागले. पाण्याच्या नळावरून सात वर्षे अबोला धरलेली दोन घरे सकाळी फाटकात उभी राहून एकमेकांची, मुलांची, गाईंची आणि मेलेल्या गाईंचीही खुशाली पुसू लागली. लिसानेवर्क स्वतः रस्त्याने हसत जात. त्यांना हसताना पाहून कडेवरची पोरे रडत.

तिरिंगोच्या घरी तर रीघ लागली. कोणी लोणी आणी, कोणी भाजलेले सातू, कोणी पाय बांधलेली कोंबडी. बसत, कॉफीचे तीन पेले पीत, आणि तिसऱ्या, आशीर्वादाच्या पेल्याचा घोट तोंडात असतानाच हळूच विचारीत, "माझे दोन्ही काढलेस ना गं?"

"काढले."

"डावासुद्धा?"

"डावासुद्धा."

सर्वांना हेच उत्तर मिळत असल्याने कोणाचेच समाधान होत नव्हते. आणि जसजसा सभेचा दिवस जवळ आला, तसतशी गल्लीत एक कुजबुज वाढू लागली : भिंत राहिली तर तो एक डोळाही राहणार. आज नाही तर उद्या लोक तो कोणाच्या तरी माथी मारणारच. त्यापेक्षा चुना बरा. तेराव्या दिवशी तिरिंगोने पाहिले, की खोलीच्या दाराशी चुन्याची बादली भिजत ठेवलेली आहे. फाटके गेली ती गेली. पण ही भिंत!

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती किल्ली मागून आत गेली आणि दार लावून घेतले. रंगांचा क्रम तिच्या हाताला पाठ होता. तिने दोरा घेतला आणि एकेक जोडी जुळवू लागली. हा फंताहुनचा उजवा. हा त्याचा डावा, ताऱ्याच्या पोटात. ही मामिते. हे लिसानेवर्क, यांचे तर तिने चांगले टपोरे काढले होते. दोरा भिंतभर फिरला आणि दाराजवळच्या खालच्या कोपऱ्यात येऊन थांबला. तिथे एकच डोळा होता, उजवा. शेजारी काळ्या रंगाची एक बाकदार रेघ, आणि तिच्या टोकाला बारीक बारीक फाटे. लोकांना ती रेघ चंद्राची कोर वाटली होती. कोणाला विळा वाटला होता.

तिरिंगोने रेघेवरून बोट फिरवले. चाळिसावे घर तिचे स्वतःचे होते. आणि ते काढताना तिने दोऱ्याला नाक लावले होते.

ती इतक्या मोठ्याने हसली, की बाहेरचे कुत्रे भुंकू लागले.

सभा त्याच सकाळी, तिसऱ्या तासाला भरली. ऊन वर आले होते. चाळीस घरे हजर होती. लिसानेवर्क यांनी मधोमध बादली ठेवली, तिच्यावर कुंचला आडवा ठेवला आणि विचारले, "हरकत कोणाची?"

सात हात वर झाले. पहिला फंताहुनचा.

"चित्र चांगलं आहे, गाशे," तो अध्यक्षांना मोठ्या भावाचा मान देत पडेल आवाजात म्हणाला. "पण तेरा दिवस मी झोपलेलो नाही. आरशात पाहतो आणि डोळे मोजतो."

"थांबा," तिरिंगो उठली. "तो एकडोळ्या सापडलाय."

खोलीतल्या प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले. मामितेने पदर तोंडाला लावला. लिसानेवर्क यांचा हात नकळत चष्म्याकडे गेला.

"तो मी आहे."

अलगानेश ताडकन उठली. "खोटं! तू? अगं, माझ्या बाळंतपणात तीन रात्री बसलीस तू! उगाच दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेऊ नकोस. कोणाचं आहे ते मला माहीत आहे." आणि तिने नवऱ्याकडे पाहिले.

"मी खोटं बोलत नाही. या, बघा."

तिरिंगो कोपऱ्याजवळ गेली. तिने दोऱ्याचे एक टोक खिळ्याला बांधले, दुसरे नाकाशी धरले आणि सवयीने डावा डोळा मिटला. मिटलेल्या पापणीची बाकदार रेघ आणि कोपऱ्यातल्या सुरकुत्या. भिंतीवर काळ्या रंगात होते तेच, रेघेला रेघ आणि सुरकुतीला सुरकुती. मंडळी एकदा भिंतीकडे आणि एकदा तिच्याकडे पाहू लागली.

"विळा नव्हे तो!" मामिते ओरडली. "डोळा आहे मेला! झोपलाय!"

"झोपलेला नाही, कामात आहे," तिरिंगो म्हणाली.

लिसानेवर्क वाकले. त्यांनी काठीचे टोक त्या रेघेवर टेकवले आणि तिचे फाटे एकेक करून मोजले.

"मिटलेला डोळा गणतीत धरावा काय, याबद्दल नियम नाही," ते शेवटी म्हणाले. "तो उघडून टाक. प्रश्नच मिटेल."

"नाही उघडणार, गाशे."

"का?"

"उघडला तर रेघ वाकडी दिसते."

"हे कोणी सांगितलं?"

"सांगून कळत नाही. इथे उभे राहा."

अध्यक्षांनी काठी भिंतीला टेकवली, दोरा नाकाशी धरला आणि मोठ्या कष्टाने डावा डोळा मिटला. या वयात ते काम सोपे नव्हते. त्यासाठी त्यांना तोंडही अर्धे उघडावे लागले. छताजवळच्या हिरव्या पट्टीचे दूरचे टोक त्यांनी गाठले. मग पिवळी पट्टी. मग लाल.

"सरळ आहे," ते अतिशय हळू म्हणाले. "सबंध भिंतभर... केसभरही..." आणि डोळा उघडायला विसरून ते तसेच पाहत राहिले.

"बघू, मला बघू द्या," म्हणत फंताहुन पुढे सरसावला आणि त्याने डोळा मिटला. अलगानेशने मिटला. मामितेला डावा मिटता येईना, म्हणून तिने तो बोटाने दाबून धरला. पाठीमागच्यांनी रेटा दिला, म्हाताऱ्यांनी खुर्च्यांवर चढून डोळे मिटले, पोरांनी तर चुकून दोन्ही मिटले आणि 'दिसली, दिसली' म्हणून गलका केला. इतक्यात सभेच्या समाप्तीचा आशीर्वाद द्यायला आलेले गल्लीचे पाद्रीबुवा दारात उभे राहिले. समोर चाळीस घरांची मंडळी. आणि एकूण एक, अध्यक्षांसकट, एका डोळ्याची!

बुवांनी हातातला क्रूस पुढे धरला आणि एक पाऊल मागे घेतले.

"अहो, हे काय? सगळेच सैतान?"

मग जे हसू उसळले, ते आवरण्याचे सामर्थ्य कोणत्याही नियमात नव्हते. हसता हसता लिसानेवर्क बादलीवर आदळले. चुना त्यांच्या बुटांवर सांडला, आणि त्या पांढऱ्या बुटांनिशीच त्यांनी विचारले, "हरकत कोणाची?"

एकही हात वर झाला नाही. बरेचसे हात पोटावर होते.

"मग ठराव लिहून घ्या. डोळे ऐंशी. पैकी उघडे एकोणऐंशी. भिंत कायम."

तिरिंगो दाराजवळच्या कोपऱ्यात खाली बसली आणि आपल्या मिटलेल्या डोळ्यावर तळवा ठेवून राहिली. रंग पक्का वाळला होता.

उरलेल्या चुन्याने पोरांनी बाहेरच्या निलगिरीचे बुंधे रंगवले. फंताहुन घराकडे निघाला तेव्हा छाती काढून चालत होता; गिरणीच्या दारात त्याने अंगठा मोडून कडकन आवाज केला. मागून येणाऱ्या अलगानेशने तो ऐकला.

"इतिये!" तिने गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक दिली. "शिडी काढून ठेवू नकोस गं! गिरणीत तराजूच्या वरची भिंत कोरी आहे!"

तिरिंगोने खोलीच्या दारातून डोके बाहेर काढले, गिरणीच्या दिशेने नजर लावली आणि डावा डोळा मिटला.