उंदरांचे काकाजी

उंदरांच्या खोलीचं दार उघडण्याआधी काकाजी त्यावर दोनदा टकटक करायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, आत कुणी माणूस असेल. आत होते फक्त पांढरे उंदीर, पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये.

"एकदम घुसलो त् दचकते बिचारे," काकाजी म्हणाले. "आपल्या घरी कोनी असं घुसलं त् चालन का?"

भंडाऱ्याजवळच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा डेंग्यूवर काम करत होते. या तापात यकृताला, मूत्रपिंडांना नेमकी कशी इजा होते, हे जिवंत माणसाच्या पोटात डोकावून पाहता येत नाही. म्हणून खास जातीच्या उंदरांना लागण करायची आणि ठरल्या दिवशी, त्यांना वेदना होऊ न देता मारून, त्यांचे अवयव तपासायचे. तोवर त्यांना सांभाळायचं काम काकाजींचं. जवळच्या एकोडी गावचे, धान पिकवणारे शेतकरी, वय साठीकडे झुकलेलं.

"जलमभर धानातले उंदीर मारले, आता पगार घेऊन पोसून राहिलो," असं म्हणून स्वतःच हसायचे. गावात त्यांनी दवाखान्यात काम करतो एवढंच सांगितलं होतं. एकदा जावयाने विचारलं, पेशंट किती? "म्हनलं, ऐंशी. सारेच शेपटीवाले!"

ज्या दिवशी उंदीर मारायचे, त्या दिवशी त्यांनी कधी सुट्टी घेतली नाही. दाराबाहेर उभे राहायचे. मी बाहेर आले की एकच प्रश्न.

"तरास?"

"नाही झाला, काकाजी."

मग मान हलवून रिकामे पिंजरे धुवायला घ्यायचे.

एका खेपेला लागण झालेल्या सगळ्या उंदरांच्या यकृताला इजा दिसलीच, पण काहींची मूत्रपिंडंही चांगलीच बिघडलेली दिसली. मला हर्ष झाला. आता हे वाचून तुम्हाला विचित्र वाटेल, पण संशोधकाला असा हर्ष होतो. माझ्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. मी लेख लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी माझ्या टेबलापाशी आले. हातात पिंजऱ्यांच्या पाण्याच्या दोन बाटल्या.

"मॅडम, धुताना समजलं. नळीतली पानी सोडनारी गोळी अडकून होती. पानी लय कमी येत होतं."

"किती दिवसांपासून?"

"मले नाही मालूम. बाटलीतलं पानी कमी उतरत होतं, ते दिसत होतं. पन वाटलं, आजारी हाये, म्हनून पेत नसन."

मला कानकोंडं झालं, कारण माझ्या वहीतही मी तेच लिहिलं होतं: लागण झालेले उंदीर पाणी कमी पितात. पिंजऱ्यांचे क्रमांक ताडून पाहिले. बिघडलेली मूत्रपिंडं त्याच दोन पिंजऱ्यांतली होती, आणि पाणी न मिळाल्यानेही मूत्रपिंडं बिघडतात.

"एवढ्याने काही होत नसतं, काकाजी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

त्यांनी बाटल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "धान पिवळा पडला त् मी पयले पानी पायतो, मंग रोग पायतो. इथं काहून इसरलो कोन जाने. माही चूक हाये मॅडम. माह्या नावावर लिहा."

त्यांची नोकरी कायमची नव्हती. मी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

दुपारी आम्ही दोघं सरांकडे गेलो. चूक दोघांची, असं मी सांगितलं. काकाजी मध्येच म्हणाले, "नाही, पयली माही." सरांनी दोन्ही बाटल्या हातात घेऊन पाहिल्या. मग म्हणाले, "पुन्हा करा. काकाजी, बाटल्या तुम्हीच तपासा."

आमचे कित्येक महिने गेले. काकाजी रोज प्रत्येक बाटली तळहातावर उलटी धरून थेंब पडतो का ते पाहायचे. दुसऱ्या खेपेला मूत्रपिंडं ठणठणीत निघाली. यकृताची इजा मात्र पहिल्यासारखीच, लागण झालेल्या प्रत्येक उंदरात. माझा लेख अर्धा झाला, पण त्यातल्या एका ओळीचीही मला आज धाकधूक वाटत नाही. शेवटी आभार मानताना मी त्यांचं नाव घातलं. त्यांनी ते पान घडी घालून खिशात ठेवलं. "जावयाले दाखवतो," म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी ते काम सोडून शेतीवर गेले. मागच्या पावसाळ्यानंतर तापाच्या रुग्णांचे नमुने घ्यायला आम्ही एकोडीला गेलो, तेव्हा त्यांनी गल्लोगल्ली फिरून माणसं गोळा केली. "घाबरू नका बाप्पा, आपल्याच मॅडम हायेत!" घरी नेऊन चहा पाजला.

गाडी निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. काकाजी रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या शेजाऱ्याशी बोलत उभे होते. त्याच्या उजव्या बरगडीखाली हलकेच हात ठेवून ते त्याला दाखवत होते, माणसाचं यकृत कुठे असतं ते.