मधोमध पेंटरची शेवटची भिंत

पेंटरला सगळे मधोमध म्हणत. पाटी दुकानाची असो की दवाखान्याची, अक्षरं मोजायची, दोरी ताणायची आणि प्रत्येक ओळ बरोबर मध्यावर आणायची, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. कुणी मजकूर आणून दिला तर तो आधी वाचतही नसे, मोजत असे. वाकडीतिकडी जागा दिसली की त्याचं डोकं फिरे. जगात सरळ जागा अशा कितीशा असणार? त्यामुळे त्याचं डोकं बहुतेक वेळ फिरलेलंच असे.

त्यात छापील फलक आले. त्याच्या पाट्या एकेक करून खाली उतरल्या, काहींची तर मागची बाजू कोंबड्यांच्या खुराड्याला लागली. आणि पाट्यांवर नाव असतं ते दुकानदाराचं, रंगवणाऱ्याचं नाही. हात थरथरायला लागला होता, डोळ्यांवर चष्मा चढला होता. शाळेच्या प्रयोगशाळेतली भिंत रंगवायचं काम आलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, यानंतर कोण बोलावणार आहे तुम्हाला? निदान या भिंतीवर तरी नाव टाकून या."

त्याने हेडसरांना विचारलं. हेडसर म्हणाले, "शाळेच्या भिंतीवर कुणाची नावं नकोत." विषय संपला. पण पेंटरच्या मनातून काही तो गेला नाही.

काम होतं आवर्त सारणीचं, म्हणजे सगळ्या मूलद्रव्यांच्या तक्त्याचं. रसायनशास्त्राच्या बाईंनी त्याला वहीची तीन पानं दिली. तक्त्याचं चित्र कपाटात होतं, कपाटाची किल्ली कारकुनाकडे होती आणि कारकून रजेवर होता. म्हणून बाईंनी ओळीओळीने याद्या लिहिल्या होत्या. पहिल्या ओळीत दोन, दुसरीत आठ, तिसरीत आठ, मग अठरा-अठराच्या चार आणि खाली दोन वेगळ्या पट्ट्या. सोमवारी तपासणी होती. बाई पानं त्याच्या हातात कोंबून वर्गावर पळाल्या.

पेंटरने दोन दिवस मान मोडून काम केलं. तिसऱ्या दिवशी बाई आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"पेंटर, हे काय करून ठेवलंत?"

भिंतीवर देखणं काम झालं होतं. वर मधोमध दोन चौकोन, त्याखाली मधोमध आठ, त्याखाली आठ, आणि मग भिंतभर पसरलेल्या लांब ओळी. दोन्ही बाजूंना सुताने मोजलेली सारखी जागा.

"का? चुकलंय कुठे? मोजून घ्या."

"अहो, मोजून काय घेऊ? सोडिअमच्या खाली क्रोमिअम आलंय! तिथे पोटॅशिअम हवं. उभ्या रांगेत एका स्वभावाची मंडळी बसतात. हायड्रोजन डावीकडे पहिल्या रांगेत, हेलियम पार उजवीकडे शेवटच्या. आठच्या ओळींमधले दोन डावीकडे, सहा उजवीकडे."

"आणि मध्ये?"

"मध्ये काही नाही."

"काही नाही म्हणजे? दहा घरं मोकळी? पहिल्या ओळीत तर सोळा! बाई, लोक म्हणतील पेंटर अर्धं काम टाकून पळाला."

बाईंनी कपाळावर हात मारला. चित्र न दाखवता पानं दिली ही आपली चूक त्यांना कळत होती, म्हणूनच त्या जास्त चिडल्या होत्या. अठरा चौकोन पुसायचे होते. पेंटरने पांढरा रंग कालवला आणि स्वतःच्या हातचे सुबक चौकोन पुसताना तोंडाचा पट्टा सुरू केला. ओळ भरल्याशिवाय मोडायची कशाला, हा त्याचा मुख्य सवाल होता.

"भरल्याशिवाय मोडत नाहीच," बाई वैतागून म्हणाल्या. "अणूमध्ये इलेक्ट्रॉन असतात, ते कवचांमध्ये बसतात. पहिल्या ओळीतल्यांना एकच कवच, त्यात दोघांची जागा, म्हणून ओळीत दोन. मग दुसरं कवच उघडतं, त्यात आठ, म्हणून ओळीत आठ. जितवी ओळ तितकी कवचं. सोपं आहे."

पेंटरने ब्रश खाली ठेवला. समोरच्या फळ्यावर बाईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, कवचांची क्षमता: दोन, आठ, अठरा, बत्तीस. आकडे मोजण्यात तर त्याचा जन्म गेला होता.

"तिसऱ्या कवचात अठरा मावतात म्हणता. मग तिसरी ओळ आठावर का मोडली? जागा शिल्लक असताना ओळ मोडायची, हे आमच्यात कुणी केलं तर त्याला दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. "ते परीक्षेला नाही," त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्या बावीस वर्षं मुलांना सांगत आल्या होत्या आणि मुलं गप्प बसत होती. पेंटरला कसली परीक्षा? तो म्हणाला, "मग मीही रंगवत नाही. कारण कळल्याशिवाय मी दहा घरं मोकळी सोडणार नाही." आणि डबे झाकून खरंच निघून गेला.

सकाळी तो आला तेव्हा बाई आधीच येऊन बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळं, हातात कॉलेजातलं जुनं पुस्तक.

"ऐका," त्या म्हणाल्या. "आठ बसले की तिसऱ्या कवचात दहा जागा उरतात, पण त्या चढायला अवघड. एकोणिसावा इलेक्ट्रॉन पोटॅशिअमचा. त्याला चौथ्या कवचातली पहिली जागा कमी ऊर्जेत मिळते. तो तिथे बसतो. चौथं कवच उघडलं, नवी ओळ सुरू झाली. तिथे दोघं बसले की पुढचे मागे वळतात आणि तिसऱ्यातल्या दहा जागा भरतात. हे बघा, चौथ्या ओळीतले हे मधले दहा."

पेंटर भिंतीजवळ गेला. त्याने बोटाने ते दहा चौकोन मोजले, मग त्यांच्यावरची मोकळी जागा मोजली.

"म्हणजे ओळ जागा संपली म्हणून मोडत नाही. पुढचं कवच उघडलं म्हणून मोडते."

"हो."

"आणि वरचं मोकळं आहे, कारण हे दहा जण उशिरा येतात. त्याच्या वरच्या ओळीत?"

"दुसऱ्या कवचात असल्या दहा जागा मुळातच नाहीत."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना! दोन दिवस वाया गेले माझे," तो खेकसला. पण त्याने ब्रश उचलला आणि सोडिअम डावीकडे पहिल्या रांगेत नेलं.

शनिवारी संध्याकाळी हेडसर भिंत बघायला आले. खूश झाले, आणि मग त्यांची नजर वरच्या मोकळ्या जागेवर अडकली.

"हे फार उघडं दिसतंय. एखादा सुविचार टाका. नाहीतर असं करा, तुम्ही विचारत होतात ना? तुमचं नावच टाका. मोठ्या अक्षरात, मधोमध."

चाळीस वर्षांत कुणी पेंटरला असं म्हटलं नव्हतं. जागाही अशी की दारातून शिरणाऱ्या प्रत्येक पोराची पहिली नजर तिथेच जाणार.

"टाका हो पेंटर," बाई हळूच म्हणाल्या. "मुलं घेतील समजून."

"काय समजून घेतील?" पेंटर उसळला. "मॅग्नेशिअमच्या पुढे मी आणि माझ्या पुढे ॲल्युमिनिअम? बाई, तुम्हीच शिकवलंत ना? तिथे कुणी बसत नाही. आठवडाभर डोकं खाल्लंत माझं, आता तिथे मला बसवता?"

"मग खाली कोपऱ्यात..." बाई म्हणाल्या.

"खाली रॅक येणार आहे," हेडसर वैतागले. "टाकायचं तर तिथे, नाहीतर राहू द्या."

"राहू द्या," पेंटर म्हणाला. त्याने डबे बांधले, मोकळ्या जागेवर उडालेला निळ्या रंगाचा एक ठिपका ओल्या फडक्याने पुसला आणि तो घरी निघाला.

बायको दारातच उभी होती. "टाकलंत नाव?"

"जागा नव्हती," तो म्हणाला.

चारच दिवसांपूर्वी त्याच भिंतीवर केवढी जागा रिकामी पडलीय म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. बायकोने त्याच्या हातातले ब्रश घेतले आणि धुवायला नेले.