सहा फुटांवरून

नायगावच्या बीडीडी चाळीत कुणी बाळंत झालं की पहिला निरोप राधाबाईंना जायचा. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, बाळंतिणीचं अंग चोळणं, यातच त्यांचा सगळा जन्म गेला. बोलणं जरा तिखट. घाबरट आयांना म्हणायच्या, "काय गो, पोर आहे की काचेचं भांडं?"

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. कळ थेट पाठीत जायची. गॅस समजून त्यांनी ओवा चावला, दुखणं अंगावर काढलं. ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागले, तेव्हा मुलगा हितेंद्र त्यांना परळच्या इस्पितळात घेऊन गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला बिलगलेली, म्हणून ऑपरेशन होणार नव्हतं. केमो झाली, तरी कळ काही हटेना.

मग डॉक्टरीणबाईंनी दुसरा उपाय सांगितला. तोंडावाटे दुर्बीण घालून, सुईनं थेट गाठीत जिऱ्याएवढे किरणोत्सर्गी दाणे पेरायचे. ते आतल्या आत गाठ जाळत राहतात.

"पूर्ण बरं होईल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "दुखणं कमी होईल, थोडा वेळ मिळेल. पण काही महिने गरोदर बायकांपासून सहा फूट लांब राहायचं. लहान मूल मांडीवर घ्यायचं नाही."

राधाबाईंनी हितेंद्रकडे पाहिलं. त्याची बायको अनुजा सातव्या महिन्यात होती.

दहा बाय सोळाच्या खोलीत सहा फूट आणायचे कुठून?

"मी माहेरी जाते, आई," अनुजा म्हणाली.

"तुझं नाव इथल्या इस्पितळात घातलंय. आता चिपळूणला कुठे जातेस? मी कांताकडे जाते."

कांता ही त्यांची लालबागची मैत्रीण, एकटीच राहणारी. राधाबाईंनी तिला आधीच सगळं सांगून टाकलं.

"साठी उलटली माझी. मला आता कसले दिवस जातायत? ये तू," कांता म्हणाली.

दाणे घातले. हळूहळू पाठीतली कळ ओसरली. राधाबाई मऊ भात जेवू लागल्या, त्यांना झोप लागू लागली.

अनुजाला मुलगी झाली. ती घरी आल्यावर राधाबाई रोज सकाळी लालबागहून यायच्या आणि बाहेर गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. आत अनुजा पोरीला पायांवर घ्यायची.

"तेल कोमट आहे ना? आता छातीवरून खांद्याकडे. घाबरू नको."

पोरगी रडायला लागली की राधाबाई नकळत उठायच्या आणि उंबऱ्याशी थबकायच्या. पदर तोंडाशी धरून परत बसायच्या.

"आई, आता पाय?" अनुजा विचारायची, त्यांच्याकडे न बघता.

"हां. वरून खाली."

डॉक्टरीणबाईंनी मोकळीक दिली, तेव्हा गाठ थोडी आकसली होती. गेली नव्हती. किती दिवस मिळाले, हे राधाबाईंनी विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले आणि नातीला मांडीवर घेतलं. तिनं भोकाड पसरलं.

"ओळखत नाही मला."

"आवाज ओळखते," अनुजा म्हणाली. "बोला ना."

राधाबाई बोलत राहिल्या. पोरगी काही लगेच गप्प झाली नाही. रडून रडून दमली आणि मांडीवरच झोपली. तिला खाली ठेवायला राधाबाई तयार होईनात. दुपारचं जेवण त्या तशाच, एका हातानं जेवल्या.