विकतच्यासारखं सफरचंद

आमच्याकडे थंडी अशी पडतच नाही. म्हणून परसातल्या सफरचंदाची सगळी पानं मी डिसेंबरात हाताने ओरबाडतो. हिवाळा आलाय असं वाटल्याशिवाय ते झाड फुलतच नाही. एवढं करून यंदा पहिल्यांदाच एक फळ पिकलं. बायकोने ते देवापुढे ठेवलं आणि मग गल्लीभर प्रसाद वाटला. माझ्या वाट्याला नखाएवढी फोड आली. शेजारचे नाना चघळत म्हणाले, "वा, अगदी विकतच्यासारखं लागतंय हो."

घरचं श्रीखंड असो की हाताने विणलेला स्वेटर, चांगलं जमलं की आपण त्याला विकतच्याच पंक्तीला बसवतो. नानांनी तर मनापासून कौतुक केलं होतं. त्यांच्यावर चिडायचीही सोय नाही.

येत्या डिसेंबरात पानं ओरबाडताना त्या झाडाला काय सांगू?