शिंगाडेमामांच्या दोन तारखा

शिंगाडेमामांना कुणी "आज बारा तारीख" असं सांगितलं, की ते थंडपणे विचारायचे, "कुणी सांगितली?" फोनवर दिसतेय म्हणावं, तर "फोनला कुणी सांगितली?" मग ते गेटपर्यंत चालत जायचे, सिक्युरिटीच्या रजिस्टरमधली सकाळची पहिली नोंद बघायचे, परत यायचे आणि तेव्हा कुठे आपल्या लॉगबुकात तारीख टाकायचे. मी कंपनीच्या क्वालिटी विभागात नवीन होते तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझी फिरकी घेतोय. तसं काही नव्हतं. ते रोजच असं करत आणि रोजच त्यात दहा मिनिटं जात.

कुरुळीजवळच्या आमच्या कंपनीत ते डाय सेटर होते. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा. तो प्रेसमध्ये केसभरही तिरका बसला, तर अख्खी बॅच भंगारात जाते. त्यामुळे त्यांच्या संशयी स्वभावाला कंपनीत मान होता. "मोजल्याबिगर मानू नये, आन् मानल्यावर बोलू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मूळ गाव अंबाजोगाईकडचं, पण चाकणला येऊन तीस वर्षं झाली होती. बोली मात्र त्यांनी एवढी जपून ठेवली होती, की एचआरची पोरं त्यांचा फोन आला की तो एकमेकांकडे सरकवायची.

आमच्या काही डाय स्पेनमधल्या एका कारखान्यात जाणार होत्या, आणि त्या तिकडे बसवायला आमचे तीन सेटर सहा महिन्यांसाठी जाणार होते. अट एकच, तिकडच्या कारखान्याने नेमलेल्या बाईंनी व्हिडिओवर घेतलेली स्पॅनिशची सोपी तोंडी परीक्षा पास व्हायची. मामांना जायचंच होतं. त्या सगळ्या डाय त्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या. "माझी पोरगी सासरी चाललीय, तर पोचवायला मी न जाता शेजारी जाणार व्हय?" असं ते मॅनेजरला म्हणाले होते. मी पुण्यात क्लास लावून स्पॅनिशच्या दोन लेव्हल केल्या होत्या. हे माझ्या बायोडेटात सापडल्यामुळे आठ जणांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिली शिफ्ट सुटली की ट्रेनिंग रूममध्ये तासभर वर्ग. अंगाला मशीनच्या कूलंटचा वास, डोळ्यांवर झोप, आणि पहिल्या बाकावर शिंगाडेमामा.

मी धडा घेतला तारखेचा. म्हटलं सोपा आहे, दोन दिवसांत उरकेल. त्याला तीन आठवडे लागले. स्पॅनिशमध्ये 'चौदा दे आब्रिल दे' आणि मग साल, असं लिहितात. 'दे' ऐकताच वर्गात खसखस पिकली. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीतून डोकं वर काढून गंभीरपणे विचारलं, की तारखेत दोनदा दे दे चाललंय, तर नेमकं द्यायचं काय आणि कुणाला? मी सांगितलं, मामा, 'दे' म्हणजे आपलं चा-ची-चे. मग त्यांनी वहीत 'एप्रिलची चौदा' असं लिहिलं आणि मला विचारलं, की ही माणसं सरळ असं का म्हणत नाहीत. मी फळा पुसला.

पुढे महिन्याचं नाव लहान अक्षराने लिहायचं आलं. इंग्रजीत मोठं, इथे लहान. "एप्रिल काय चोर हाय का, त्याला असं बारकं करायला?" हा प्रश्न मला सलग तीन दिवस विचारला गेला. मी चिडून म्हणाले, मराठीत तर मोठं अक्षरच नाही, तिथे तुम्हाला काही टोचत नाही. मामांनी विचार केला आणि म्हणाले, "तितं समदीच सारखी हायेत, मंग कुणाला राग येणार?" पण श्रेय द्यायला हवं तिथे देते. महिन्याच्या पहिल्या दिवसाला 'प्रिमेरो' म्हणजे पहिला म्हणायचं आणि पुढे नुसतं दोन, तीन, चार, हे मी फर्स्ट, सेकंड, थर्डच्या वाटेने शिकवायला गेले आणि स्वतःच गोंधळले. मामांनी मागे वळून वर्गाला सांगितलं, "पैली तारीख, मंग दोन तारीख, तीन तारीख. आपल्यावानीच हाय की." दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं. मला त्याचाही राग आला.

खरा घोळ झाला जन्मतारखेवर. प्रत्येकाने आपली जन्मतारीख स्पॅनिशमध्ये लिहायची होती. मी कागद गोळा करून स्पेनच्या बाईंना पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांची अतिशय सभ्य मेल आली, की पाच विद्यार्थ्यांनी एकमेकांची नक्कल केलेली दिसते, कृपया स्वाध्याय पुन्हा घ्यावा. मी कागद बघितले. पाच जण, पाच वेगळ्या तालुक्यांतले, आणि पाचही जणांचं 'प्रिमेरो दे हुनिओ'. एक जून.

आता हे त्या बाईंना समजवायचं कसं? आपल्याकडे खेड्यात पोराला शाळेत घालताना तारीख माहीत नसली, की मास्तर जून महिन्याची एक टाकून मोकळे होत. आपल्याला हे नवीन नाही. माझ्या तोडक्या स्पॅनिशमध्ये मी अर्धं पान खरडलं. बाईंचं उत्तर आलं, की समजलं, पण मग हे लोक वाढदिवस कोणत्या दिवशी करतात? मी ती मेल बंद केली आणि चहा प्यायला गेले.

त्यात एक कागद कोरा होता. तो कुणाचा, हे सांगायला नको. मी मामांना विचारलं, अहो, तुमची तर पासपोर्टवर छान एक जून आहे, सोप्यातली सोपी तारीख, मग लिहिली का नाही? त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "मराठीत खोटं लिवलं, इंग्रजीत खोटं लिवलं. आता ह्या नव्या भाषेतबी पैल्यापासून खोटंच लिवू का, मॅडम?"

मास्तरांनी त्यांना एका वर्षाने नाही, चांगलं सव्वा वर्षाने म्हातारं केलं होतं. बारीक पोरगं पहिलीत बसवायचं म्हणून एकाहत्तर साल टाकलं. खरं साल आईला ठाऊक होतं, तारीख नव्हती. मी त्यांना हात जोडून सांगितलं, की परीक्षेआधी त्या बाई पासपोर्ट बघणार, पहिलाच प्रश्न जन्मतारखेचा असणार, आणि उत्तर जुळलं नाही तर तुमच्या जागी दुसऱ्याचं नाव जाईल. ते सगळं ऐकून घेत आणि मान डोलवत. मामांची मान डोलली म्हणजे ऐकलं, एवढाच तिचा अर्थ. पटलं, असा नव्हे.

शेवटी वैतागून मीच म्हटलं, लावा आईला फोन. त्यांच्या आई गावीच असत, नव्वदीच्या आसपासच्या, ऐकायला कमी, पण आवाज खणखणीत. स्पीकरवर त्यांनी मला सांगितलं, "दुष्काळाचं साल होतं, बाई. वैरन न्हाई म्हनून बैलं इकली होती. पोळ्याला निस्ते मातीचे बैल पुजले. आन् दुसऱ्या दिशी, करीला, हे लेकरू झालं." दुष्काळ म्हणजे बाहत्तर साल. त्या वर्षीचा पोळा कधी होता? आमच्या बौद्ध घरात पंचांग कधी आलं नाही, त्यामुळे मी माझ्या रहाटणीतल्या घराशेजारच्या काकूंना कामाला लावलं, नेटवर शोधलं, दोन्हीकडून पडताळलं, कारण एकीकडची तारीख घेऊन गेले असते तर "कुणी सांगितली?" ठरलेलंच होतं. पोळा सात सप्टेंबरला. कर आठला.

'ओचो दे सेप्तिएम्ब्रे.' मामांनी ते वहीत एकदाच लिहिलं, सावकाश, आणि फुंकर मारून शाई वाळवली. मग मला म्हणाले, "त्रेपन्नाव्या वर्षी बारसं केलं मॅडम तुमी माझं." मला बरं वाटलं, नाही कसं म्हणू? पण लगेच मी त्यांना बजावलं, की हे वहीत ठेवा, परीक्षेत एक जूनच सांगायचं. मान डोलली.

परीक्षेच्या दुपारी मी त्यांच्या शेजारी बसले होते. बोलायची मला मनाई होती. पडद्यावर बाईंनी पासपोर्टची प्रत हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला. जन्मतारीख? मी टेबलाखाली त्यांच्या बुटावर बूट दाबला. सेफ्टी शूज ते, त्यांना काय कळणार! मग ते ताठ बसले आणि आपल्याजवळ होते नव्हते तेवढे स्पॅनिश शब्द जोडून म्हणाले, "पासापोर्ते, प्रिमेरो दे हुनिओ. मामा, ओचो दे सेप्तिएम्ब्रे."

स्पॅनिशमध्येही आईला मामाच म्हणतात, फक्त शेवटच्या अक्षरावर जोर देतात. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी मात्र तेव्हाच मनातल्या मनात दुसऱ्या माणसाचं नाव यादीत घालून मोकळी झाले होते, आणि मामांना काय काय सुनवायचं त्याची तयारी करत होते.

ते पास झाले. निकालाचा कागद छापून आला, त्यात जन्मतारखेच्या रकान्यात बाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या. पासपोर्टनुसार, एक जून. त्याच्या आईच्या सांगण्यानुसार, आठ सप्टेंबर. पुढे व्हिसाच्या अर्जावर मामांनी मुकाट्याने एक जून लिहिलं, तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. एवढा छळ मांडला होता, मग आता कसं चाललं? ते म्हणाले, आता खरं कुठंतरी लिहिलेलं आहे, त्यामुळे खोट्याचा राग येत नाही.

ते गेले. डाय बसल्या, चांगल्या बसल्या, असं तिकडून कळत राहिलं. चौथ्या महिन्यात त्यांच्या आई गेल्या. एवढ्या लांबून वेळेवर पोहोचणं शक्य नव्हतं. आठवड्याभराने त्यांचा मला फोन आला. मी काय बोलावं ते जुळवत होते, तर त्यांनीच विचारलं, "मॅडम, माझा तो परीक्षेचा कागद हाय का तुमच्याकडं? टाकू नका बरं."

कागद होता. पण अशा वेळीसुद्धा मला राहवलं नाही. मी म्हणाले, मामा, त्या कागदाचं काय एवढं घेऊन बसलात? तारीख तर तुम्हाला पाठ आहे, दुसऱ्या चांगल्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. त्यातून ते म्हणाले, "मी लिवली तर ती मी सांगितलेली व्हईल, मॅडम. तितं माय सांगती असं लिवलंय."