फ्रीजरमधली निळी बाटली

त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट कायम अर्धवट मिटलेलं असे. समोर येईल त्या वस्तूवर त्या बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचं, मान तिरकी करून ऐकायचं, आणि मग विचारायचं, "हो, पण तपासलं कोणी?"

कलिंगडावर आपण सगळेच टकटक करतो. हे गृहस्थ बंद डब्यातल्या बिस्किटांवरही करत. आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त झाल्याची नोटीस लागली की आम्ही निमूट लिफ्टमध्ये शिरायचो. ते दारावर टकटक करून जिन्याकडे वळायचे. राहायला नवव्या मजल्यावर होते.

असा एखादा संशयात्मा तुमच्याही ओळखीत असेल. पण आमचा नमुना वरच्या प्रतीचा होता. सिंगापुरातल्या आमच्या ऑफिसजवळ खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर होतं, तिथे ते बिनसाखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेत आणि चमचा तळाशी फिरवून वर काढून बघत. दुकानातली चिनी आंटी आधी इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत चिडायची, "नो शुगर मीन्स नो शुगर लाह, अंकल!" पुढे पुढे ती स्वतःच कप देण्याआधी चमचा ढवळून त्यांच्या नाकासमोर धरू लागली. तेव्हाही ते "ठीक" म्हणाले नाहीत. म्हणाले, "तूर्तास चालेल." "ठीक" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलाच नव्हता.

क्वीन्सटाउनच्या ऑफिसात ते माल तपासणीच्या विभागात आणि मी हिशेब नसलेल्या, नुसत्या मीटिंगा असलेल्या विभागात. राहायला दोघंही चोआ चू कांगला, एकाच इमारतीत. त्यामुळे रोज सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सोबत, जुरोंग ईस्टला गाडी बदलताना सोबत. मी पुण्याचा, ते नागपूरकडचे. मला ते "भाऊ" म्हणत, मी त्यांना "काका". त्यांची बायको आजारपणात गेली होती. एकुलती एक मुलगी इथेच लहानाची मोठी झाली आणि शिकायला म्हणून कॅनडात गेली ती तिकडच्या एका लहान गावात, इस्पितळात नोकरीला लागली. घरात ते एकटेच.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, इथली पावसाळी हवा सुरू व्हायच्या सुमारास त्यांच्या दाराशी पार्सलं येऊ लागली. काका घरी नसले की ती आमच्याकडे ठेवली जात. पार्सलावर आत काय आहे ते छापलेलं असतं आणि माझ्या बायकोला ते वाचल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या आठवड्यात घडीचं फावडं आलं. मग जाडजूड दोर. मग एक भलंमोठं ब्लँकेट, मेणबत्त्या आणि डोक्याला लावायचा टॉर्च.

"फावडं, दोर, ब्लँकेट," बायको बोटांवर मोजत म्हणाली. "मी काही म्हणत नाही. पण अशा तीन वस्तू साध्या माणसाला एकाच महिन्यात लागत नाहीत."

"त्यांना मुंगी मारायलासुद्धा दोन साक्षीदार लागतील," मी म्हणालो खरा, पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यात एका संध्याकाळी ते खाली मुलांच्या खेळायच्या वाळूत फावडं चालवताना दिसले. बाकावर बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "अंकल, डिग फॉर व्हॉट?" काका मान वर न करता म्हणाले, "टेस्टिंग." म्हातारा जो उठला तो प्यादी तिथेच टाकून गेला.

उलगडा झाला जुरोंग ईस्टच्या फलाटावर. काकांनी पिशवीतून एक जाडा, स्पायरल बाइंडिंग केलेला ग्रंथ काढला. एका नव्याकोऱ्या एसयूव्हीचं माहितीपुस्तक होतं. पानोपानी पिवळ्या खुणा.

"काका, तुम्ही गाडी घेतली?" मी जवळजवळ ओरडलोच. सिंगापुरात गाडी घेणं म्हणजे दारात पांढरा हत्ती बांधणं. शिवाय या माणसानं जन्मात स्कूटरपलीकडे काही चालवलेलं नव्हतं.

"मी काहून घेऊ? पोरीनं घेतली, तिकडं. रोज तासभर गाडी चालवत इस्पितळात जाते. पहिला हिवाळा आहे ना जी तिचा, गाडीतला. विकणारा म्हणते, चारही चाकांना जोर आहे, टायर बदलायची गरज नाही." त्यांनी माहितीपुस्तकावर टकटक केली. "चारही चाकं पळवतील, मान्य. पण बर्फावर थांबवन कोण? पळायचं सगळेच सांगतात. थांबायचं तपासलं कोणी?"

फावडं, दोर, ब्लँकेट हे सगळं त्या गाडीच्या डिकीसाठी होतं. बर्फात अडकलं तर लागतं म्हणे. प्रत्येक वस्तू आधी इथे मागवायची, पारखायची आणि मगच मुलीला तीच तिकडे घ्यायला सांगायची. बर्फ उभ्या आयुष्यात न पाहिलेला माणूस विषुववृत्ताशेजारी बसून एका गाडीचा हिवाळा तयार करत होता. आम्ही घरी पोट धरधरून हसलो. खरं सांगायचं तर आधी थोडी निराशाही झाली होती.

मग निळी बाटली आली. गाडीच्या काचेवर फवारायचं पाणी थंडीत गोठू नये म्हणून वेगळं मिळतं, ते. काकांचा फ्रीजर पडला खोक्याएवढा, म्हणून बाटली आमच्याकडे. खरं तर ऑफिसात उणे चाळीसपर्यंत जाणारं तपासणीचं कपाट होतं, पण ते त्यांनी वापरलं नाही. "ऑफिसचं यंत्र घरच्या कामाले? मग माझी तपासणी कोण करन?" बाटली दोन पिशव्यांत बांधून, वर डब्यात घालून, डब्यावर मराठीत "विष" असं लिहून त्यांनी ती बायकोच्या हाती दिली.

"माझ्या नारळाच्या चवाशेजारी विष?" बायको म्हणाली.

"वहिनी, फक्त हिवाळाभर. गोठलं की कळवा."

संशयामागचं कारणही त्यांनी एकदा एमआरटीत सांगितलं. त्यांचे वडील रेल्वेत होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन खाली उतरायचं, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा, एवढंच त्यांचं काम. धड चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. वडील म्हणायचे, "बुद्धानं सांगून ठेवलं, मी म्हणतो म्हणूनही मानू नका, पारखून घ्या. मग हा स्टेशनमास्तर कोण लागून गेला?"

आता मला सांगा, चाकच समुद्रापलीकडे असेल तर त्याला ठोका मारायचा कसा? काका रोज फोन करत. टायर बदलले का? बॅटरी दाखवली का? थंडीत टायरमधली हवा उतरते, ती बघितली का? मुलगी आधी हसून, मग कंटाळून उत्तर द्यायची. तिच्या गावात टायरवाल्यांकडे रांग होती. "पुढच्या आठवड्यात नंबर आहे, बाबा. रिलॅक्स लाह!" काका फोन ठेवून माझ्याकडे वळत. "नंबर खरंच लावला असन का? पावती मागवू?" मी म्हणायचो, "काका, पोटची पोर आहे, कंत्राटदार नाही." मग पावती राहून जाई, पण मधलं बोट मांडीवर चालूच असे.

आणि एक दिवस फोटो आला. जाड नक्षीचा हिवाळी टायर, त्यावर पर्वत आणि हिमकणाची खूण, अगदी काकांनी सांगितली होती तशी. खाली लिहिलेलं, "डन ऑलरेडी. हॅपी?" काकांनी तो फोटो मला तीन स्टेशनं होईपर्यंत दाखवला. तरी शेवटी म्हणाले, "तूर्तास चालेल."

त्या रविवारी सकाळी मी पोह्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. टेबलावर दोन छापील फोटो होते. एक गाडी घेतली त्या दिवसाचा, एक हा नवा.

"भाऊ, चाकाच्या मधले बोल्ट मोजा."

मोजले. जुन्या फोटोत पाच, नव्यात सहा.

"टायरबरोबर चाकही बदललं असेल," मी म्हणालो.

"चाक बदललं तरी बोल्ट गाडीचेच राहतात ना जी. पाचाचे सहा होत नाहीत." आवाज अगदी शांत होता. "हे पोरीच्या गाडीचं चाक नाही."

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी सकाळी, म्हणजे तिच्याकडे शनिवारच्या संध्याकाळी, ती व्हिडिओवर येत असे. मी खुर्ची मागे ओढून घेतली. आता दिवाळीचे फटाके फुटणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. स्क्रीनवर ती दिसली. चेहरा जरा उतरलेला, केस खांद्यावर मोकळे.

"गाडी कशी आहे?" काकांनी विचारलं.

"फर्स्ट क्लास, बाबा. नवे टायर, सो स्मूद लाह."

काकांचं बोट उचललं गेलं. टेबलावरच्या फोटोच्या वर ते क्षणभर तसंच थांबलं. मग त्यांनी दोन्ही फोटो हलकेच पालथे घातले.

"बरं," ते म्हणाले. "जेवलीस का?"

फोन बंद झाल्यावर मी अक्षरशः भडकलो. आयुष्यभर बिस्किटाच्या डब्याला जाब विचारणारा माणूस ऐन वेळी मूग गिळून बसतो म्हणजे काय? "विचारलं का नाहीत? सरळ थाप मारतेय ती!"

"दिसलं ना मले. गाडी ठोकली तिनं. हाताले लागलं आहे."

"हात कुठे दिसला?"

"केस मोकळे होते. ही पोरगी लहानपणापासून केस मोकळे सोडत नाही. केस बांधाले दोन हात लागतात, भाऊ."

पोहे गार होत होते.

"तिनं खरं सांगितलं असतं, तर माझ्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघालं असतं?" त्यांनी विचारलं. मला ते वाक्य ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक आहे. "हाताले लागलं तरी बापाले सांगायची भीती वाटावी, एवढं तपासत राहिलो मी तिले." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. माझ्या संतापाची मला लाज वाटली.

थोड्या वेळानं ते उठले आणि कपाटातून पासपोर्ट काढला. "चाक बद्द वाजलं तर माझे वडील ठोका मारून घरी नाही जायचे. खाली वाकून पाहायचे."

वर्षअखेरच्या गडबडीत ऑफिसनं रजा द्यायला कुरकुर केली. ते राजीनामा देईन म्हणाले, आणि पुढे खरोखर तसंच झालं. मनालीच्या सहलीसाठी घेतलेलं माझं जाड जॅकेट मी त्यांना दिलं. विमानतळावर त्यांनी जॅकेटच्या चेनवर टकटक केली आणि काहीच न विचारता आत गेले.

तीन आठवड्यांनी फोन आला. मी लिफ्टमध्ये होतो, तसाच बाहेर पडलो.

"आली का कबुली?" पुणेरी स्वभाव, मी आधी तेच विचारलं.

"विमानतळावर म्हणाली, चालताना बर्फावर पाय घसरला. हात गळ्यात बांधलेला. मी म्हटलं, बरं." मग म्हणाले, "रोज सकाळी मीच तिचे केस बांधून देतो. तिसऱ्या दिवशी बांधून राहिलो होतो, तिची पाठ माझ्याकडं, तवा बोलली. टायरचा नंबर यायच्या दोन दिवस आधी पहिला बर्फ पडला आणि वळणावर गाडी खड्ड्यात गेली. फोटो मैत्रिणीच्या गाडीचा होता. सगळं आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं, भाऊ."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"आणि आता गाडी?"

"आली दुरुस्त होऊन. टायर बदलून."

"तपासलं कोणी?" हे वाक्य त्यांनाच विचारायची संधी मी सोडणार नव्हतो.

"तिनं."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारच्या सीटवर बसतो. पट्टा लावून."

ते परत आले नाहीत. त्यांच्या फ्लॅटची किल्ली मीच घरमालकाला दिली. जुरोंग ईस्टला गाडी बदलताना आता सोबत कोणी नसतं. हॉकर सेंटरमधल्या आंटीनं परवा मला बिनसाखरेची कोपी दिली, सवयीनं चमचा ढवळून माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "युवर फ्रेंड, व्हेअर?" मी सांगितलं, बर्फात. तिचा विश्वास बसला नाही.

निळी बाटली मात्र अजून आमच्याकडेच आहे. बायकोला फ्रीजरमध्ये जागा हवी असते, पण बाटली काढ असं ती म्हणत नाही. मागच्या रविवारी काकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी बाटलीची चौकशी केली.

"गोठली का?"

"नाही, पातळच आहे."

"वाजवा."

मी बाटली पिशव्यांतून काढली, फोनजवळ धरली आणि मधलं बोट अर्धवट मिटून पेरानं दोनदा टकटक केली. पलीकडे काका ऐकत होते. त्यांच्या मागे मुलगी काहीतरी बोलून हसत होती.

"ठीक," काका म्हणाले.