डोहाळजेवणाच्या पोळीवर घातलेलं तूप

सुपरमार्केटच्या फ्रीजपुढे उभा होतो. एका हातात मार्जरीनचा डबा, दुसऱ्या हातात लोण्याची वडी. आमच्या सूनबाईनं, मृणालनं, डब्याचा फोटो माझ्या फोनवर पाठवला होता. हाच आणायचा.

मी जन्मभर आचारी. कराडच्या बाजूला लग्नाची जेवणं केली. गेल्या साली बायको गेली आणि मुलानं मला इकडं हॉलंडात, फेल्डहोवनला आणलं. मृणाल नोकरी सांभाळून घरातून केटरिंगच्या ऑर्डरी घ्यायची. रिकामं बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून मी तिच्या हाताखाली लागलो.

ती ऑर्डर डोहाळजेवणाची होती. पुरणपोळी पाहिजे. ऋचा नावाची मुलगी, सातवा महिना. मृणालनं बजावलं होतं, "बाबा, तिला दुधाची ॲलर्जी आहे. सिरियस आहे. लोणी, तूप, काही म्हणजे काही चालणार नाही."

मार्जरीन म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी. लग्नात कुणी पंगतीला वनस्पती तूप आणून दिलं, तर मी यजमानाच्या तोंडावर बोलायचो. गरोदर पोरीला हे घालायचं? आणि तुपात दूध असतं कुठं? लोणी कढवलं की पाणी उडतं, दुधाचा अंश करपून तळाशी बसतो. त्याला बेरी म्हणतात. ती गाळली की राहतं ते चोख तूप. हे मला कळतं, या पोरींना काय कळतंय! डबा परत ठेवला. वडी घेतली.

घरी कोणी नव्हतं. तूप कढवलं, दोनदा गाळलं, पोळ्या केल्या. मृणाल ऑफिसातून आली.

"बाबा, मार्जरीन मिळालं ना?"

"मिळालं की."

ऋचाच्या घरी बायकांची गर्दी. ती हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसलेली. मी पोळी वाढली, वर तूप सोडलं. तिनं घास घेतला.

"काका, मार्जरीनला एवढा छान वास?"

"हाताचा गुण आहे पोरी. खा."

अर्धी पोळी झाली असेल. ती ओठ चोळायला लागली. मग ओठ सुजले, गळ्यावर लाल चट्टे उठले, खोकला थांबेना. तिचा नवरा अमेय ओरडला, "यात दूध आहे का?"

मृणाल म्हणाली, "नाही रे, शक्यच नाही. मी स्वतः सांगितलंय." आणि माझ्याकडं बघितलं. तिला माझी खात्री होती.

 पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी म्हणालो, "तूप आहे. खरं तूप."

 अमेयनं तिच्या पर्समधलं ॲलर्जीचं इंजेक्शन काढून साडीवरूनच मांडीत टोचलं. कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली. मी हातात तुपाची वाटी घेऊन भिंतीशी उभा. वाटी ठेवायची कुठं तेसुद्धा सुचेना.

ऋचा वाचली, पोटातलं बाळही. रात्रभर हॉस्पिटलात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मृणालबरोबर मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. अमेयनं दार उघडलं. "काका, ती झोपलीये. तुम्ही परत येऊ नका, प्लीज." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत येताना गाडीत मृणाल म्हणाली, "कितीही गाळलं तरी थोडा अंश राहतोच, असं डॉक्टर म्हणाले. तेवढा तिला पुरतो. तुम्ही लगेच बोललात ते बरं झालं, असंही म्हणाले." मग सिग्नलला थांबली. "पण बाबा, मी विचारलं तेव्हा बोलायचं होतंत."

त्यानंतर मृणालनं ऑर्डरी घेणं बंद केलं. मला एका शब्दानं बोलली नाही.

खरा माल कुठला, नकली कुठला, ते मी डोळे मिटून वासावर सांगीन. आमची ही असती तर तिनं मुकाट्यानं डबाच आणला असता. खाणारीनं नको म्हटलंय, एवढं तिला पुरायचं.